तळ्यातला पाईक

‘पाईक’ हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. धन्याच्या कामासाठी शिर हातावर घेऊन पायी चालणारा शिपाई तो पाईक. तुकोबांनी त्याच्यावर अभंग रचले. आणि सरकारी नोकरीत जन्म घालविणाऱ्या आपल्यासारख्यांनी निरोपसमारंभाच्या भाषणात तो शब्द स्वतःला लावून घेऊन त्याची थोडीबहुत रया घालविली. इंग्रजीतही जवळजवळ याच उच्चाराचा एक शब्द आहे. त्याचा अर्थ लांब दांड्याचा भाला; आणि भाल्याच्या टोकासारखे ज्याचे तोंड, त्या गोड्या पाण्यातल्या एका माशालाही इंग्रज लोक पाइकच म्हणतात. दोन्ही शब्दांची कुळे निराळी. आपला पाईक पायापासून निघाला, त्यांचा अणीपासून. इंग्लंडच्या उत्तरेस जो सरोवरांचा प्रदेश आहे तेथे तर टोकदार डोंगरशिखरांनाही पाइक म्हणण्याचा प्रघात आहे. ज्या दिवसाविषयी मी लिहिणार आहे त्या दिवशी तळ्याच्या वायव्येस लँगडेल पाइक्स ही शिखरे बर्फाची टोपी घालून उभी होती, तळाशी पाइक मासा होता, आणि होडीत भारत सरकारचा एक पाईक थंडीने कुडकुडत बसलेला होता.

हा मासा आपल्याकडे नाही. युरोप, सैबेरिया आणि उत्तर अमेरिका हा त्याचा मुलूख. लांबट हिरवे अंग, त्यावर पाण्यातून झिरपलेल्या उन्हासारखे फिकट पिवळे ठिपके, पाठीवरचा पर अगदी मागे शेपटीजवळ ओढलेला, आणि तोंड बदकाच्या चोचीसारखे चपटे. त्या तोंडात शेकडो दात असतात. टाळूवरचे दात घशाकडे वळलेले. आत जाणाऱ्याला ते वाट देतात, बाहेर येऊ पाहणाऱ्याला देत नाहीत. डोळे डोक्याच्या माथ्याशी, आणि नेम धरता यावा म्हणूनच की काय, डोळ्यांपासून नाकाडाच्या टोकापर्यंत दोन खोबणी कोरलेल्या. लव्हाळ्यात किंवा पाणवनस्पतींत हा मासा काठीसारखा निश्चल राहतो आणि भक्ष्य टप्प्यात आले की बाणासारखा सुटतो. आपल्या तळ्यांतील मरळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा स्वभाव ओळखीचा वाटेल. स्वजातीयांना गिळण्यासही त्याला संकोच नसतो. यात मादी मोठी आणि नर लहान. म्हणून अंगाने खरोखर थोर असा पाइक बहुधा मादीच निघतो.

एवढ्या उग्र प्राण्याभोवती दंतकथा जमल्या नसत्या तरच नवल. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध जर्मनीतली. १४९७ साली तेथे एक प्रचंड पाइक सापडला व त्याच्या कल्ल्यात एक कडे होते, असे सांगतात. त्यावर, सम्राट दुसरा फ्रेडरिक याने १२३० साली हा मासा तळ्यात सोडला, असा मजकूर कोरलेला होता. म्हणजे माशाचे वय दोनशे सदुसष्ट वर्षे! त्याची लांबी एकोणीस फूट होती म्हणे, आणि सांगाडा मानहाइम येथे जपून ठेवला होता. पुढे एका चिकित्सक पंडिताने तो तपासला, तेव्हा लांबी वाढविण्यासाठी त्यात इतर माशांचे मणके जोडलेले आढळले. सेवापुस्तकातील नोंदी पाहून ज्येष्ठता ठरविण्याचे काम ज्यांनी केले आहे त्यांना या कथेत विशेष आश्चर्य वाटू नये.

असो. माझा आणि या माशाचा संबंध आला तो एका डॉक्टरांमुळे. २०१२ सालच्या हिवाळ्यात मी सरकारी अभ्यासक्रमासाठी उत्तर इंग्लंडमधील एका विद्यापीठात वर्षभर राहिलो होतो. माझ्या वडिलांचे एक वर्गमित्र तेथून तासाभराच्या अंतरावर, केंडल गावी, चाळीसएक वर्षे स्थायिक होते. मूळचे वेंगुर्ल्याचे. मुंबईस वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते अस्थिशल्याच्या पुढील अभ्यासासाठी लँकेशायरात आले. त्या काळी हाडांच्या डॉक्टराला हा प्रांत म्हणजे काशीच वाटे. कारण सर जॉन चार्नली यांनी खुब्याचा कृत्रिम सांधा बसविण्याची शस्त्रक्रिया १९६२ साली तेथल्याच राइटिंग्टन रुग्णालयात सिद्ध केली होती. आमचे डॉक्टर दोन वर्षांसाठी आले ते परतले नाहीत. किती खुबे त्यांनी बसविले याची गणती त्यांच्याजवळ नव्हती, परंतु केंडलच्या बाजारात त्यांच्याबरोबर चालताना कोणी म्हातारी ताठ चालत आली की ते हळूच म्हणत, “हिचा डावा माझा.” मी त्यांना काका म्हणे. काकू तीन वर्षांपूर्वी निवर्तल्या होत्या. निवृत्तीनंतर काकांना कंपवाताने गाठले होते. उजवा हात गुडघ्यावर ठेवला तरी त्याची बोटे अदृश्य जपमाळ ओढल्यासारखी हलत राहत.

काकांना पाइक गरविण्याचा छंद होता. ‘गरविणे’ हे कोकणचे क्रियापद मी मुद्दाम वापरतो. माझे आजोळ मालवणजवळचे; तेथे गळ घेऊन खाडीवर बसायला गेलेला मनुष्य संध्याकाळी माशासह परत येतो आणि पुढची जबाबदारी चुलीची असते, एवढेच मला ठाऊक होते. काकांचा छंद याच्या उलट होता. ते डिसेंबर ते फेब्रुवारी दर आठवड्यास तळ्यावर जात, मिळाल्यास मासा धरीत, आणि धरलेला प्रत्येक मासा परत पाण्यात सोडीत. त्यांनी मला जानेवारीतल्या एका शनिवारी बोलाविले, तेव्हा मी भीतभीत विचारले, “काका, मग धरायचा कशाला?”

“ये तर खरा,” ते म्हणाले. “धरायला सगळ्यांना येतं.”

तळ्याचे नाव एस्थ्वेट वॉटर. हॉक्सहेड या खेड्याला लागून ते दक्षिणेकडे पसरले आहे. लांबी दीड मैल, रुंदी अर्ध्या मैलाच्या आत. आपल्या पिढीने ज्याच्या कविता पाठ केल्या (आणि ज्याची ती पिवळी फुले कधी डोळ्यांनी पाहिली नाहीत) तो वर्ड्‌सवर्थ १७७९ ते १७८७ या काळात याच खेड्यातल्या शाळेत शिकत होता. या तळ्यावरची एक आठवण त्याने आपल्या आत्मचरित्रात्मक दीर्घकाव्यात सांगितली आहे. तीत काठावर कोणाचे तरी कपडे पडलेले त्याला दिसतात आणि दुसऱ्या दिवशी तळ्यातून प्रेत वर येते. तळ्याच्या दुसऱ्या अंगास नियर सॉरी हे बिआट्रिक्स पॉटर बाईंचे गाव आहे. मासे धरायला गेलेल्या बेडकालाच ट्राउट मासा गिळू पाहतो अशी बालकथा त्यांनी १९०६ साली प्रसिद्ध केली. अशी ही जागा फार शांत, फार सुंदर, आणि पाण्याखाली काय चालले आहे याची ज्यांना कल्पना होती अशांनी वर्णिलेली.

तळ्यावर जाण्यापूर्वी दोन कागद लागतात. एक सरकारचा गळाचा परवाना, दुसरा पाण्याच्या मालकाचा. काकांनी माझ्या नावाचा एका दिवसाचा सरकारी परवाना आधीच काढून ठेवला होता. परदेशात माझे इतक्या आपलेपणाने स्वागत दुसऱ्या कशानेच झाले नाही.

त्या अक्षांशावर जानेवारीत सूर्य सव्वाआठनंतर उगवतो आणि चार वाजण्याच्या सुमारास मावळतो. मधल्या काळातही तो डोंगराच्या खांद्यावरून वाकून पाहतो, माथ्यावर येत नाही. आम्ही होडी ढकलली तेव्हा दिवस उजाडला होता, पण ऊन नव्हते. पाण्यावर धुके हातभर उंच तरंगत होते, काठच्या लव्हाळ्यांना दहिवर गोठून पांढरे केले होते आणि टेकड्यांवरचे वाळलेले नेचे गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचे दिसत होते. वल्ही मी मारली. काका मागे बसून दिशा सांगत. त्यांच्या हातात काही नसले म्हणजे तो उजवा हात ते डाव्या काखेत धरून ठेवीत.

एका उथळ आखाताच्या तोंडाशी आम्ही दोन्ही टोकांचे नांगर टाकले. उन्हाळ्यात तेथे पाणवनस्पतींचे रान असते, हिवाळ्यात त्यांचे खुंट उरतात. लहान मासे त्यांच्या आसऱ्याने राहतात आणि त्यांच्या मागावर पाइक. शिवाय पाइकाची अंडी घालण्याची वेळ वसंताच्या आरंभी येते, ती अशाच उथळ जागी. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत अंड्यांनी जड झालेल्या माद्या हळूहळू या बाजूला सरकू लागतात. काका हे सर्व रोग्याची हकीकत सांगावी तसे सांगत होते. मग त्यांनी डबा उघडला.

डब्यात बांगडे होते.

अटलांटिकचा बांगडा आपल्या बांगड्याचा सख्खा नव्हे, चुलतभाऊ. पाठीवर वाघासारखे पट्टे असतात. पण वास तोच, चकाकी तीच. काकांनी त्यांतला एक उचलून चाकूने आडवा कापला आणि शेपटीकडचा अर्धा भाग तीन तोंडांच्या गळाला टोचावयास घेतला. माझ्या तोंडून शब्द निघून गेला, “काका, हा बांगडा!”

“अरे मेल्या, बांगडाच तो. तुझी काकू दर शनिवारी विचारायची, आज आधी माशांचं जेवण होणार की माणसांचं? मी म्हणायचो, अर्धे त्यांना, अर्धे आपल्याला.”

या व्यवस्थेमागे कारण आहे. पूर्वी येथे जिवंत लहान मासे आमिष म्हणून दुसऱ्या पाण्यांतून आणीत. त्यांतले काही गळावरून सुटत, काही दिवसअखेर तळ्यात ओतून दिले जात, आणि परक्या पाण्यात त्यांची प्रजा वाढे. बॅसनथ्वेट नावाच्या तळ्यात अशा रीतीने शिरलेला रफ नावाचा मासा, हिमयुगापासून तेथे टिकून राहिलेल्या व्हेंडेस या दुर्मीळ माशाची अंडी खाऊ लागला. पुढे या प्रदेशातल्या बऱ्याच तळ्यांवर गोड्या पाण्यातला मासा आमिषासाठी वापरण्यास बंदी झाली. समुद्राच्या मेलेल्या माशाचे तसे भय नाही. पाइकाने आयुष्यात समुद्र पाहिलेला नसतो, तरी बांगड्याचा तेलकट वास त्याला तळाच्या चिखलातूनही लागतो. या बाबतीत त्याची रुची मला निर्दोष वाटली.

गळ टोचताना काकांना पाच मिनिटे लागली. मी हात पुढे केला नाही. त्यांनी मागितला नव्हता. दोऱ्याच्या टोकाला पोलादी तार होती, कारण साधा दोरा या दातांपुढे टिकत नाही. दोन गळ दोन दिशांना पडले, दोन तांबडी बुचे पाण्यावर उभी राहिली, आणि आम्ही वाट पाहू लागलो.

ही वाट पाहणे म्हणजे काय ते सांगणे कठीण आहे. माशाचे रक्त पाण्याइतकेच थंड असते. हिवाळ्यात त्याचे पचन इतके मंदावते की एक घास त्याला कित्येक दिवस पुरतो. पाणी चार अंशांवर सर्वांत जड होते, म्हणून तळाशी चार अंशांचे पाणी आणि वर त्याहून थंड, अशी उलटी उतरंड लागते. आणि त्या तळाशी पाइक पडून असतो. त्याच्या मनात खाण्याचा विचार दिवसातून एकदा येतो, कधी येतही नाही. बहुधा तो दुपारच्या सुमारास येतो असे काकांचे मत होते. तोपर्यंत दोन माणसांनी न बोलता एका बुचाकडे पाहावयाचे. पहिला तास मी फायलींचा विचार केला. दुसऱ्या तासात पायांची बोटे आहेत की नाहीत याचा. तिसऱ्या तासात कसलाच नाही, आणि हे मला नोकरीत लागल्यापासून साधलेले नव्हते. आपल्यापैकी जे बंगालात तळ्याकाठी छिप घेऊन बसले असतील किंवा कुमाऊंत महाशीरामागे हिंडले असतील, त्यांना अधिक सांगावयास नको.

मधूनमधून काका बोलत. पाइकाचे वय कसे ओळखतात ते त्यांनी सांगितले. डोंगर ओलांडला की विंडरमिअर हे मोठे सरोवर आहे. तेथे १९४४ पासून जाळी लावून पाइकांचा अभ्यास चाललेला आहे. विनिफ्रेड फ्रॉस्ट आणि शार्लट किप्लिंग या दोन विदुषींनी तेथील पाइकांची वये कल्ल्यावरच्या झाकणाच्या हाडावरून वाचली. झाडाच्या खोडाप्रमाणे त्या हाडावर वर्षागणिक एक रेषा उमटते; उन्हाळ्यात वाढ भराभर आणि हिवाळ्यात थबकलेली. “माणसाच्या हाडात इतकं सरळ लिहिलेलं नसतं,” काका म्हणाले. त्यांच्या आवाजात किंचित मत्सर होता.

मोठे पाइक मारीत का नाहीत, हेही मी विचारले. पूर्वी मारीतच, पेंढा भरून काचेच्या पेटीत खानावळींच्या भिंतींवर टांगीत, आणि ट्राउटच्या पाण्यात तर त्यांना उपद्रवी ठरवून सरसकट काढून टाकीत. पण मोठे पाइक काढले की लहान पाइकांचे पेव फुटते, कारण त्यांना आवर घालणारे तेच असतात; आणि शेकडो लहान पाइक मिळून एका मोठ्याहून अधिक नासधूस करतात. खात्यांतही असेच काही घडते की काय, हा विचार माझ्या मनात आला, पण मी तो परवान्याच्या अटींबाहेरचा समजून सोडून दिला. खाण्याविषयी म्हणाल, तर फ्रान्सात ल्याँकडे या माशाचे वडे करतात आणि पूर्व युरोपातले यहुदी लोक सणाला तो खात आले आहेत. इंग्रज मात्र त्याच्या दुबेळक्याच्या आकाराच्या बारीक काट्यांना भितो. आपल्या पाल्याच्या काट्यांशी ज्याची लहानपणी गाठ पडली आहे, त्याला ही सबब लंगडी वाटेल.

एक वाजून गेला असेल. डोंगराच्या खांद्यावर सूर्य आला होता आणि पाण्यावर इतकी चकाकी होती की काकांच्या बाजूचे बूच दिसेनासे झाले होते. चहा ओतण्यासाठी त्यांनी थर्मास उघडला, आणि त्याच वेळी त्यांच्या रिळातून दोरा सरसर निघू लागल्याचा आवाज आला. बूच केव्हा बुडाले, मासा किती वेळ चालला होता, कळावयास मार्ग नव्हता. काकांनी पेला टाकला, गळकाठी उचलली आणि झटका दिला. काठी कमानीसारखी वाकली. वाकली आणि तशीच राहिली, जणू गळ तळ्यालाच अडकला होता.

मग तळे चालू लागले.

त्या दहा मिनिटांत काकांचा हात कापत नव्हता असे मी म्हणणार नाही. तो कापत होता, परंतु काठीच्या पलीकडे त्याहून मोठे कंपन चालू होते आणि त्यात हे विरून गेले होते. मासा दोनदा होडीखालून गेला. एकदा वर येऊन त्याने तोंड उघडले व डोके झाडले. पांढरा जबडा, हिरवे कपाळ, आणि आमच्याकडे नव्हे तर आमच्यातून आरपार पाहणारा पिवळा डोळा. शेवटी तो आडवा झाला. मी हातजाळे खाली घातले आणि दोन्ही हातांनी उचलून होडीत भिजवून पसरलेल्या गादीवर ठेवले. माझ्या हाताहून लांब, मांडीएवढी जाड मादी होती. पोट अंड्यांनी गोल झालेले.

काका गुडघ्यावर बसले, त्यांनी तोंडात पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. गळ ओठाला नव्हता. बूच दिसत नव्हते त्या अवधीत मादीने बांगडा गिळला होता. पोलादी तार घशाच्या अंधारात नाहीशी झाली होती. त्यांनी लांब चिमटा घेतला. शस्त्रक्रियागृहातून आलेला, मुडपलेल्या टोकाचा चिमटा होता तो. तो दातांच्या कमानीशी नेताच त्यांचा हात असा हलू लागला की चिमटा दातांवर टकटक वाजू लागला. एकदा, दोनदा. मादीने अंग झाडले. काकांनी डाव्या हाताने उजवे मनगट धरले आणि पुन्हा नेला. पुन्हा टकटक.

त्यांनी चिमटा माझ्याकडे उलटा धरला; शल्यवैद्य आपल्या साहाय्यकाकडे शस्त्र देतात तसा, मूठ पुढे करून.

“तू कर.”

“काका, मी कधी...”

“मी सांगतो तसं कर. डाव्या हाताची बोटं कल्ल्याच्या झाकणाखालून घाल. आत लाल पिसं दिसतात, त्यांना लावू नकोस. हाडाला चिकटून पुढे, हनुवटीपर्यंत. हां. आता उचल. तोंड आपोआप उघडेल.”

तोंड उघडले. आत थंड, गुळगुळीत आणि जिवंत असे काही होते. ते माझ्या बोटांभोवती मिटत होते.

“तार हळू ओढ. खेचायची नाही, नुसता ताण द्यायचा. घशाची पिशवी थोडी वर येईल. गळ दिसला?”

“दिसला. एक दिसला.”

“त्याच्या वळणावर चिमटा लाव आणि उलटा कर. तो गेला तसाच बाहेर येऊ शकतो. फक्त वाट उलटी. घाई करू नकोस आणि वेळही लावू नकोस. तू पाण्याखाली जितका वेळ काढशील तितकाच तिला इथं मिळणार आहे.”

काकांचा आवाज अजिबात कापत नव्हता. त्या आवाजाने हजारो वेळा, दिव्याखाली, कोणाला तरी असेच सांगितले असेल. पहिला गळ उलटला आणि सुटला. दुसरा खाली होता. माझी बोटे दातांवर घासली आणि पांढऱ्या जबड्यावर रक्त दिसले; काकांनी चमकून पाहिले, मग ते माझे आहे, तिचे नव्हे, हे पाहून त्यांना समाधान वाटले. दुसऱ्या गळाला ऊतक अडकले होते. “सोड. पुन्हा धर. थोडं डावीकडून.” मी सोडले, पुन्हा धरले. काहीतरी निसटल्यासारखे जाणवले, आणि अर्धा बांगडा, दोन्ही गळ आणि तार असे सर्व एकदम माझ्या हातात आले.

“वजन करायचं?” मी विचारले. काटा शेजारीच पडला होता, आणि माझ्या अंदाजाने ती पंधरा पौंडांच्या खाली नव्हती.

“वजनाला वेळ नाही.”

आम्ही तिला दोघांनी धरून पाण्यात उतरविले. मी कडेवर ओणवा होऊन तिचे छातीकडचे अंग पेलले होते, काकांनी शेपटीचा बुंधा धरला होता. मी सोडू लागताच ती एका अंगावर कलंडली आणि पांढरे पोट वर आले. “धरून ठेव,” काका म्हणाले, “उभी धर. बाकी काही करायचं नाही.” त्या पाण्यात हात दोन मिनिटांत दुखतो आणि त्यानंतर दुखत नाही, तेव्हा अधिक भय वाटते. कल्ल्याचे झाकण उघडत नव्हते. मग किंचित उघडले. बराच वेळ मिटलेले राहिले. पुन्हा उघडले. लव्हाळ्यांतून एक पाणकोंबडी निघून समोरून पोहत गेली आणि आमच्याकडे पाहून परत फिरली. किती वेळ गेला हे मी सांगू शकत नाही. चहाचा पेला होडीच्या तळाशी सांडला होता त्याच्यावर साय धरावी तसा बर्फाचा पापुद्रा दिसू लागला होता.

काकांचा उजवा हात त्या शेपटीवर कापत होता, आणि पाण्यात त्याची बारीक वलये उठत होती. काही वेळाने वलये मोठी झाली. कापतो आहे तो हात की शेपटी, हे मला कळेना. मग माझ्या तळहातावरचे ओझे एकाएकी हलके झाले, एक जोराचा धक्का बसला, काकांच्या तोंडावर पाणी उडाले आणि खाली हिरव्या अंधारात एक लांब सावली सरळ, कोठेही न कलंडता, वनस्पतींच्या खुंटांकडे निघून गेली.

“गेली,” काका म्हणाले.

त्यांनी दुसरा गळ गुंडाळला. दिवस अजून दोन तास होता, तरी मी काही विचारले नाही. नांगर उचलून मी वल्ही हाती घेतली. परतताना लँगडेलची शिखरे पाठीमागे गुलाबी झाली होती. मध्यावर आल्यावर काका सहज म्हणाले, “पुढच्या हिवाळ्यात यायचं नाही आता.”

मला वाटले, हातामुळे. मी म्हणालो, “काका, तुम्ही आज तिला किती छान खेळवलंत. अजून दहा वर्षं धराल.”

“धरीन की. एकट्याने येऊन रोज एक धरीन.” ते थोडे थांबले. “सोडता येणार नाही. मग ते बरं नव्हे.”

ते खरेच गेले नाहीत. मी हिंदुस्थानात परतून ईशान्येकडच्या नेमणुकीवर रुजू झालो, तेथे दर डिसेंबरात त्यांचा दूरध्वनी येई. गळकाठ्या केंडलमधल्या एका शाळकरी मुलाला दिल्या, आपण काठावर बसून त्याला ओरडून सूचना करतो, आणि त्याची बोटे फार चांगली आहेत, एवढे त्यांनी एकदा सांगितले. वेंगुर्ल्याच्या घराचे काय करायचे हा विषय मात्र ते दरवर्षी काढीत आणि दरवर्षी अर्धा सोडीत.

त्या संध्याकाळी केंडलला पोहोचलो तेव्हा काळोख पडला होता. डब्यात तीन बांगडे उरले होते. काकांनी ते नळाखाली धुतले, चिरा पाडण्यासाठी माझ्या हाती दिले, आणि कपाटातून तिरफळांची बरणी काढली; वेंगुर्ल्याहून पुतण्याने पाठविलेली. मसाला त्यांनी स्वतः कालविला. मी जखमेच्या बोटाला पट्टी लावून स्वयंपाकघराच्या मेजाशी बसलो होतो. बाहेर बर्फ पडावयास लागले होते, तव्यावर तेल चरचरत होते, आणि काका मासे उलटीत असताना उलथने तव्याच्या कडेवर टकटक वाजत होते. पहिला बांगडा त्यांनी माझ्या ताटात वाढला.

“डोकं खातोस ना?” त्यांनी विचारले. “इंग्रज टाकून देतात.”